परवाना नको, कागद विका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॉमिक्सच्या पानांपासून ट्रे, भिंतीवरची घड्याळं, टी-कोस्टर बनवून विकणाऱ्या घरगुती कारागिरांवर लेख आला होता. त्यावर पुढच्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र छापलंत. त्यांनी आम्हा मंडळींना ‘बालपणाचे खाटीक’ अशी पदवी बहाल केली आहे. ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा अंक फाडून चहाचा ट्रे करणं म्हणजे देव्हारा मोडून चुलीत घालण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. मी हाच उद्योग करतो. त्याआधी डोंबिवलीत भाड्याने पुस्तकं देणारं वाचनालय चालवलं. कॉमिक्स वाचायला देणं आणि कापणं या दोन्हीत माझे हात गेले आहेत, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री चालवा, मी कुरकुर करणार नाही.

पहिली गोष्ट, चांगला अंक कुणी शहाणा कारागीर फाडत नाही. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, हिशेब करून म्हणतो. टाइम्सवाल्यांनी मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि 1990 मध्ये बंद केलं. त्या काळातला मराठी अंक, मुखपृष्ठ शाबूत, आतली पानं पूर्ण, असा आज हाताला लागला तर संग्राहक त्याचे इतके पैसे मोजतात की त्यात माझे दोन-चार ट्रे सहज बसतील. साठच्या दशकातला असेल तर बोलायलाच नको. मराठी अंक हिंदी-इंग्रजीपेक्षा कमी सापडतात, हा हुतात्मा चौकाच्या फुटपाथपासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंतचा माझा अनुभव. असा अंक कापून आठशे रुपयांचा ट्रे करायला मी काय खुळा आहे?

आमच्या वाट्याला येतो तो माल निराळा. माझ्याच वाचनालयाचं सांगतो. दिवसाला पंचवीस पैसे भाडं, पाच रुपये डिपॉझिट. मे महिन्यात एकेक अंक दिवसातून दोन-दोन घरं फिरायचा. पोरं जेवता जेवता वाचायची. आमरसाचा बोटाचा ठसा किती वर्षांनीही ओळखता येतो. वेताळाच्या (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या) अंगठीतली कवटी बॉलपेनने आधी स्वतःच्या मनगटावर काढायची आणि हात बसावा म्हणून सराव मात्र माझ्या मुखपृष्ठावर करायचा. जादूगार मँड्रेकच्या मिशा तर प्रत्येक आळीत वेगळ्या. शेवटचं पान गेलेले अंक इतके परत यायचे की कित्येक खलनायक माझ्या वाचनालयातून कायमचे मोकाट सुटले. पिना गंजून मधल्या पानांना तांबडी भोकं पडायची. पुढे 26 जुलै 2005 च्या पाण्यात खालच्या कपाटातल्या मालाचा लगदा झाला. माळ्यावरच्या खोक्यांत होतं तेवढं वाचलं. त्या खोक्यांतले पूर्ण अंक मी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवले आहेत, ते मी मरेपर्यंत कापणार नाही. मुखपृष्ठ नाही, शेवट नाही, मध्येच चार पानं गळालेली, असे जे उरले त्यांना रद्दीवालाही नाक मुरडत होता. त्यांचे मी ट्रे केले. त्या वाचकांना याला खाटिकखाना म्हणायचं असेल तर म्हणोत, पण जनावर आधीच मेलेलं होतं.

आता कामाबद्दल. लेखात ‘पानं चिकटवून वस्तू सजवल्या जातात’ एवढ्या एका वाक्यात तुमच्या वार्ताहरांनी सगळं उरकलं. करून बघा म्हणावं. इंद्रजालच्या आतल्या पानांचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, पातळ आणि दोन्हीकडे छापलेला. तो थेट एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीवर) डकवला की फेव्हिकॉलच्या ओलीने आरपार दिसू लागतो. पुढे वेताळ घोड्यावर बसून चालला आहे आणि त्याच्या छातीतून मागच्या पानावरच्या जाहिरातीतलं गुटगुटीत बाळ हसतं आहे, अशी चित्रं माझ्या घरी सुरुवातीला तयार झाली. (त्यातलं एक सूनबाईने मुद्दाम ठेवून घेतलं आहे.) म्हणून आधी लाकडाला पांढऱ्या प्रायमरचे दोन हात. पान कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं, पिनेच्या गंजाभोवतीचा भाग कापून टाकायचा, मग दोन्ही बाजूंनी पारदर्शक स्प्रेचा हलका फवारा. तो नीट वाळू दिला की शाई फुटत नाही आणि कागद फार पाणीही पीत नाही. पानाच्या पाठीला पांढरा पातळ कागद. मग पाणी घातलेला फेव्हिकॉल, आणि सुती फडक्याने मधून कडेकडे बुडबुडे ढकलत न्यायचं. यात घाई केली की मँड्रेकच्या कोटाला अशा सुरकुत्या पडतात की लग्नाघरून थेट लोकलने आल्यासारखा दिसतो. वरून वॉर्निशचे पाच-सहा हात, प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक काचपेपर. पावसाळ्यात आमच्याकडे वॉर्निश वाळत नाही, बोटाला चिकटत राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही फक्त पानांची निवडानिवड आणि सफाई करतो, विक्रीचा माल गणपतीनंतर धरायचा.

कोस्टरचं दुखणं वेगळंच. चकाकी हवी म्हणून वरून रेझिन (वाळून काचेसारखं घट्ट होणारं रसायन) ओततात. हौशी लोक जे रेझिन आणतात ते पन्नास-साठ अंशांला नरम पडायला लागतं, आणि आपला चहा कपात पडतो तेव्हा त्याहून पुष्कळ गरम असतो. कप उचलला की कोस्टर बरोबर वर येतं आणि खाली ठेवलं की त्यावर कपाच्या बुडाचा गोल कायमचा. म्हणून उष्णता सोसणारं महागडं रेझिन घ्यावं लागतं. तेवढ्यासाठी कोस्टरच्या जोडीची किंमत वाढते आणि गिऱ्हाईक म्हणतं, “ऑनलाइन तर अर्ध्या किमतीत मिळतात.” मिळतात. उन्हाळ्यात वापरून बघा.

आणि कुठलं पान कुठे लावायचं हाही विचार असतो. अमर चित्र कथेच्या ज्या पानांवर देव आहेत ती मी कोस्टरला, पाटाला, कचऱ्याच्या डब्याला कधीही लावत नाही. शिवाजी महाराजांची पानं ट्रेवरसुद्धा नाहीत. त्यांची फक्त भिंतीवरची फ्रेम होते, तीही बैठकीच्या खोलीत लावण्याजोगी. हा कुणी घालून दिलेला नियम नाही. पण आपल्याकडे या वस्तू विकायच्या तर एवढं कळलं पाहिजे, आणि कारखान्यात तयार होणाऱ्या मालाला नेमकं हेच कळत नाही. गणपतीचं चित्र छापलेलं पायपुसणं मी एका दुकानात डोळ्यांनी पाहिलं आहे.

गिऱ्हाईक कोण, असं लेखात विचारलं होतं. पन्नाशीपुढचे. मुंबईतल्या एका प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. एक गृहस्थ आले, ट्रे उचलला, चष्मा वर केला आणि उभ्या उभ्या पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत वाचून काढला. मग मला म्हणाले, “याच्या पुढचं पान कुठल्या ट्रेवर आहे?” मी म्हटलं, “साहेब, पुढचं पान 1979 सालीच एका गिऱ्हाइकाने फाडून नेलं.” ते एवढे हसले की दोन ट्रे घेऊन गेले. त्यांच्याबरोबर त्यांचा नातू होता, अंगात स्पायडरमॅनचा टीशर्ट. त्याने वेताळावर बोट ठेवून विचारलं, “हा कोण? बॅटमॅनचा भाऊ का?” आजोबा त्याला समजावत समजावत पुढच्या स्टॉलपर्यंत गेले. पुढचे सगळे स्टॉल अमेरिकन आणि जपानी पात्रांचे. किल्ल्यांच्या साखळ्या, पोस्टर, मग, उशीचे अभ्रे. त्यांतल्या किती जणांकडे मूळ मालकाची परवानगी होती हे विचारायला कुणी येत नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लेखात तो आलाच नाही, आणि पत्रलेखकांनी तर चुकीच्या दाराची बेल वाजवली. जुनी कॉमिक्स कापावी लागतात याचं कारण एवढंच, की नवीन कागदावर तीच चित्रं कायदेशीरपणे छापून घेण्याचा रस्ता माझ्यासारख्या माणसाला उपलब्धच नाही.

आमच्या एका वकील स्नेह्यांनी मला हे नीट उलगडून सांगितलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्राच्या नवीन प्रती काढायचा हक्क मालकाचा. पण जी प्रत आधीच रीतसर विकली गेली आणि बाजारात फिरते आहे, ती विकण्याला आडकाठी नाही. म्हणून माझ्या वाचनालयाचा फाटका अंक माझा. त्याचं पान मी लाकडावर लावलं आणि विकलं तर मी नवीन प्रत काढलेली नाही. तेच पान स्कॅन करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतलं आणि ट्रेला लावलं, की झाला गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. म्हणजे कायद्याच्या नजरेने बघितलं तर अस्सल अंक कापणारा सज्जन, आणि अस्सल अंक कपाटात जपून ठेवून त्याची छापील प्रत वापरणारा चोर. त्या वाचकांनी यावर रागवायला हवं होतं.

बरं, ‘जुनं आहे, आता सगळ्यांचंच’ असं म्हणायचीही सोय नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. आधी पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला म्हणून 1992 च्या दुरुस्तीत दहा वाढवली. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, चित्रकार एम. व्ही. धुरंधर 1944 मध्ये. त्यांची चित्रं मोकळी झाली आहेत, म्हणूनच ज्याच्या त्याच्या स्टॉलवर रविवर्म्याची सरस्वती दिसते. दीनानाथ दलाल 1971 मध्ये गेले. त्यांची दिवाळी अंकांवरची चित्रं 2031 संपेपर्यंत थांबायला लावतील. चाचा चौधरी काढणारे चित्रकार प्राण 2014 मध्ये वारले, म्हणजे 2074. ‘चांदोबा’त विक्रमाच्या खांद्यावर प्रेत टाकणारं ते चित्र ज्यांनी घराघरांत पोचवलं, ते शंकर 2020 मध्ये गेले. 2080. मी आज सत्तरीत आहे. हिशेब तुम्हीच करा.

म्हणजे परवानगी मागणं हाच उपाय. तोही करून बघितला. एका नामांकित प्रकाशनसंस्थेला (नाव लिहीत नाही, कारण मला भांडायचं नाही, चित्रं हवी आहेत) सूनबाईने व्यवस्थित मेल पाठवला: आम्ही घरगुती कारागीर आहोत, वर्षाला अमुक इतके नग करतो, तुमच्या जुन्या अंकांतली काही पानं वापरायची आहेत, प्रत्येक नगामागे रॉयल्टी द्यायला तयार आहोत. उत्तर आलं, हे कौतुकास्पद. सोबत एक फॉर्म आला. त्यात कंपनीची नोंदणी, मागच्या तीन वर्षांची उलाढाल, वितरणाचं जाळं आणि ‘किमान हमी रक्कम’ असे रकाने. ती हमी रक्कम लाखांत होती. आम्ही दोघं, एक शिलाई मशीनच्या टेबलावर आणि एक बाल्कनीत, जे काही करतो त्याची वर्षाची विक्रीसुद्धा तिच्या जवळपास जात नाही. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. तो फॉर्म कंपासपेट्या, शाळेची दप्तरं, पाण्याच्या बाटल्या लाखांनी काढणाऱ्यांसाठी बनवलेला आहे. एका कारागिराशी करार करायला त्यांच्या वकिलाचा जेवढा वेळ जाईल तेवढीही रॉयल्टी माझ्याकडून निघायची नाही. त्यामुळे उत्तर नम्र असतं आणि दार बंद असतं.

ऑनलाइनची तऱ्हा आणखी मजेची. एका मोठ्या संकेतस्थळावर आमचं घड्याळ होतं, अस्सल जुन्या पानाचं. वर्णनात पात्राचं नाव आलं म्हणून त्यांच्या यंत्राने ते एका रात्रीत उतरवलं. बाजूला त्याच पात्राचे कुठल्याशा गोदामात छापलेले मग दिमाखात विकायला होते, फक्त नाव एका अक्षराने चुकवून लिहिलेलं. शुद्धलेखन चुकवलं की कायदा लागू होत नाही, असा त्यांचा समज असावा. सूनबाई म्हणाली, “बाबा, आपणही ‘वेतळ’ लिहू या.” मी नको म्हटलं. आता आम्ही तिथे फार पडतच नाही. ओळखीतून, प्रदर्शनांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जेवढं जातं तेवढं पुरे. जीएसटीचा बाऊ लोक करतात तसा आमच्या आकाराच्या धंद्याला नाही. मालविक्रीची चाळीस लाखांची मर्यादा गाठायला मला आणखी दोन जन्म लागतील.

तर माझी सूचना अशी, आणि त्यासाठीच हा सगळा प्रपंच. प्रकाशकांनी आम्हाला परवाना देऊच नये. त्यांनी कागद विकावा.

आपल्याच जुन्या अंकांतली निवडक पानं त्यांनी चांगल्या पातळ कागदावर, एकाच बाजूला छापावीत. तेरा बाय एकोणीस इंचाचा कागद घेतला तर आजच्या डिजिटल छपाईत तो आरामात निघतो, आणि ट्रेला, घड्याळाला, मोठ्या फ्रेमला पुरतो. मागची बाजू कोरी. म्हणजे ते जाहिरातीतलं बाळही डोकावणार नाही. कागदाच्या तळाला दोन बोटं रुंद पट्टी ठेवावी. पट्टीवर एक क्रमांक, चित्रकाराचं नाव आणि दोन ओळी: हा कागद विकत घेणाऱ्याला तो एका वस्तूवर लावून ती वस्तू विकायची मुभा आहे, स्कॅन करून पुन्हा छापायची मुभा नाही. ती पट्टी आम्ही कापून ट्रेच्या पाठीला चिकटवू. गिऱ्हाइकाने ट्रे उलटा करून बघितला की माल सरळ आहे की नाही ते त्याला समजेल. करार नाही, हमी रक्कम नाही, तीन वर्षांची उलाढाल नाही. पैसे आगाऊ, कागद हातात.

दर किती? मी शंभर रुपये देईन. छपाई-वाहतुकीला वीस गेले तर प्रकाशकाला ऐंशी उरतात. माझा ट्रे आठशेला जातो, म्हणजे दहा टक्के. मराठी लेखकाला पुस्तकाच्या किमतीवर साधारण एवढंच मिळतं, आणि तेही पुस्तक विकलं गेल्यावर. इथे माझा ट्रे विकला जावो न जावो, प्रकाशकाचे पैसे खिशात पडलेले. ज्या अंकांची पानं आज त्यांच्या गोदामात नाही तर संगणकात नुसती पडून आहेत त्यांतून हे ऐंशी रुपये येतील. बरं, मी एकटा नाही. तुमच्या लेखातच ठाणे, नाशिक, कोल्हापूरची मंडळी होती.

यावर लोक विचारतील, की हा कागदही कुणी स्कॅन करील त्याचं काय? करील. आताही करतोच आहे. ज्याला चोरायचं आहे त्याने आत्ताच चोरून ठेवलं आहे. इंटरनेटवर अख्ख्या अंकांचे स्कॅन पडलेले आहेत. अडवणूक होते ती फक्त ज्याला चोरायचं नाही त्याची. आणि आपल्याकडे या पद्धतीची चाल जुनीच आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानांवर लेखकाची सही किंवा शिक्का असायचा आणि खाली छापलेलं असायचं, की ज्या प्रतीवर ही सही नाही ती चोरीची समजावी. माझ्या वाचनालयात अशी कितीतरी पुस्तकं होती. क्रमांकाची पट्टी म्हणजे तीच सही.

चित्रकाराच्या नावाचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. आबिद सुरतींच्या ‘बहादुर’ची चित्रं आणि इंद्रजालची ती झगझगीत मुखपृष्ठं काढणारे गोविंद ब्राह्मणिया, अमर चित्र कथेचा पहिला कृष्ण आणि पुढे ‘टिंकल’चा सुपंडी ज्यांच्या ब्रशातून उतरला ते राम वाईरकर, अमर चित्र कथेचे कितीतरी अंक आणि ‘राज कॉमिक्स’च्या नागराजची सुरुवातीची वर्षं गाजवणारे पुण्याचे प्रताप मुळीक. माझ्या स्टॉलवर वीस-वीस मिनिटं रेंगाळणाऱ्या शौकिनांना नायकांची नावं तोंडपाठ असतात, ही तीन नावं विचारली तर शंभरात पाच जण सांगतील. अमर चित्र कथा सुरू करणाऱ्या अनंत पैंचं नाव तरी लोकांना ठाऊक आहे. ट्रेच्या पाठीवर का होईना, चित्रकाराचं नाव घरात जाईल. आणि त्या ऐंशी रुपयांतले काही त्यांच्या घरच्यांना गेले तर फारच चांगलं, पण ते मी ठरवणारा कोण.

सुरुवात वेताळापासून करू नये, हेही सांगतो. त्याचे हक्क अमेरिकेत किंग फीचर्स या कंपनीकडे. चित्र एकाचं, मराठी मजकूर दुसऱ्याचा, अंक तिसऱ्याने छापलेला. त्यात पडलो तर माझ्याबरोबर माझा नातूही म्हातारा होईल. ज्यांचे हक्क इथल्या इथे, एका हाती आहेत त्यांनी पुढे यावं. अमर चित्र कथा आहे, टिंकल आहे. आणि आपला चिंटू आहे! चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी 1991 मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू केलेली ती तीन-चार चौकटींची मालिका म्हणजे कोस्टरच्या संचासाठीच जन्माला आली असं मला कायम वाटत आलं आहे. एका कोस्टरवर एक चौकट. पाहुण्यांसमोर चहा ठेवताना चिंटू पहिल्यावर, बगळ्या दुसऱ्यावर, आई तिसऱ्यावर, आणि विनोदाची चौकट नेमकी जो चहा पीत नाही त्याच्या वाट्याला. मराठी घरात याहून चांगली करमणूक कुठली? आज मुलांच्या खोलीसाठी घड्याळ मागायला येणाऱ्या आयांना मला नाही म्हणावं लागतं, कारण माझ्याकडे मुलांच्या ओळखीचं मराठी पात्रच नाही. त्या मग शेजारच्या स्टॉलवरून परदेशी माकड नाहीतर जपानी पोरगं घेऊन जातात. त्यांच्यावर चिडून काय उपयोग.

जे. जे. आणि अभिनवसारख्या कलाशाळांतून बाहेर पडणारी, स्वतःची कॉमिक्स काढणारी मुलं तर हे उद्या करू शकतील. त्यांचा हक्क त्यांच्याकडेच आहे, विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. दोन-तीन जणांना मी प्रदर्शनात हे सांगून बघितलं. एकीने मान डोलावली आणि म्हणाली, “काका, पण माझं कॉमिक इंग्रजीत आहे.” मी म्हटलं, “ट्रेला भाषा नसते, पण वाचणाऱ्याला असते. एक मराठीत कर, पहिले दहा कागद मी घेतो.” अजून फोन आलेला नाही. येईल.

पत्रलेखकांना माझं एवढंच सांगणं, की ज्या दिवशी असा कागद बाजारात मिळायला लागेल त्या दिवसापासून मी एकही जुनं पान कापणार नाही, फाटकं असलं तरी. त्यांना हवे असतील तर माझ्याकडचे शेवट नसलेले अंक मी त्यांना तसेच देईन. खलनायकांचा बंदोबस्त मात्र त्यांचा त्यांनी करावा.

एखाद्या प्रकाशकाने हे पत्र वाचून विचार केलाच, तर नमुन्यादाखल शंभर कागदांचे पैसे मी आगाऊ भरायला तयार आहे. कागद शंभर ते एकशे तीस जीएसएमपर्यंतचा असावा, त्याहून जाड नको, ट्रेच्या कोपऱ्यावर वळत नाही. आणि चकचकीत नको, फेव्हिकॉल धरत नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवला आहे.

आपला,

एक जुना वाचनालयवाला
डोंबिवली (पूर्व)